कर्णिकबेनचे कप

सुमनकाकू कर्णिक माणसं पाठीवरून ओळखायच्या. बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजी घेताना समोरून कोणी हसून विचारलं, "काय काकू, बऱ्या आहात ना?" तर त्या जरा गोंधळायच्या. पण तोच माणूस चार पावलं पुढे गेला की मागून हाक यायची, "अगं थांब! तू पेंडशांची धाकटी ना? उजवा खांदा का चढलाय तुझा?" आणि मग भर रस्त्यात, मेथीची जुडी काखेत धरून, त्या तिचा खांदा दाबून बघायच्या. भाजीवालीसुद्धा तराजू खाली ठेवून निकालाची वाट बघायची. "परीक्षेचं टेन्शन," काकू जाहीर करायच्या. पेंडशांची धाकटी परीक्षा वगैरे उरकून कधीच नोकरीला लागलेली होती. तरी ती मुकाट्यानं मान डोलवून घरी गेली. काकूंना 'नाही' म्हणायची आमच्या भागात पद्धतच नव्हती.

त्याला कारण होतं. काकूंनी उभा जन्म मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवण्यात घालवला होता. मराठी काय, गुजराती काय, निम्म्या बडोद्याच्या बायका त्यांच्या शिटीवर उठल्या-बसल्या होत्या. शाळेत त्या 'कर्णिकबेन'. त्यांच्या विद्यार्थिनी पुढे आज्या झाल्या, तरी बेन दिसल्या की आपोआप टाचा जुळवून उभ्या राहायच्या. यजमान लवकर गेले, मुलगा पुण्याला नोकरीला. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या शिक्षिका भजनी मंडळात गेल्या. काकू अमदावादला कुठल्याशा शिबिराला गेल्या आणि परत आल्या त्या मालिश आणि कप शिकूनच.

कप म्हणजे चहाचे नव्हेत. जाड काचेचे, पोटाशी फुगीर असे छोटे पेले. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पेटवायचा, पेल्यात आतल्या आत फिरवून काढून घ्यायचा आणि पेला तेल लावलेल्या पाठीवर झटकन पालथा घालायचा. पेला चिकटून बसतो आणि आतली कातडी पुरीसारखी फुगून वर येते. आपल्या आज्या-पणज्या तुंबडी लावणं म्हणत, तेच हे. पण 'तुंबडी' हा शब्द काकूंसमोर काढायची सोय नव्हती. "तुंबड्या भरणारे वेगळे," त्या म्हणायच्या, "मी कप लावते."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होते. युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात दिवसभर मान खाली घालून काम करून माझी मान एकदा जी अडकली, ती सरळ होईना. जिन्यात काकूंनी मला मागून पाहिलं आणि दंडाला धरून खाली नेलं. पुढच्या खोलीत एक लांब बाक, त्यावर गादी. भिंतीवर कर्णिककाकांचा फोटो आणि शेजारी अमदावादच्या शिबिराचं सर्टिफिकेट. हार दोघांनाही होता.

काकूंच्या गळ्यात शाळेतलीच शिटी. लांब शिटी वाजली की हलायचं नाही, आखूड शिटी वाजली की कूस बदलायची. मालिश त्या मराठीत करायच्या. "सैल सोड गं अंग, काय लाकडासारखी पडलीयेस!" कप काढले की एकदम गुजरातीत शिरायच्या. "ऊंधा सूई जाव! हलशो नहीं!" म्हणजे पालथं झोपा, हलू नका. रागावल्या तर हिंदी. कोणत्या भाषेचं कशाशी नातं होतं कोण जाणे, पण गुजराती सुरू झाली की बाकावरचा माणूस डोळे मिटून घ्यायचा.

खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. कोमट तिळाच्या तेलाचे त्यांचे ते भरदार हात मानेवरून उतरले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आता बरं कशानं वाटलं, तेलानं, हातांनी, की इतका वेळ कोणी "चहा टाकतेस का?" असं विचारलं नाही त्यानं, याच्या खोलात मी गेले नाही. काकूंच्या मते श्रेय सर्वस्वी कपांचं.

कप काढल्यावर पाठीवर गोल डाग राहतात. काकू ते डाग वाचायच्या, आणि त्यांची प्रतवारी स्वयंपाकघरातली होती. गुलाबी म्हणजे कोकम सरबत, काळजी नाही. लाल म्हणजे डाळिंब, लक्ष ठेवा. जांभळट म्हणजे जांभूळ, चार वेळा या. आणि काळा पडला तर आमसूल. आमसूल पडलं की काकू खुर्ची ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "घरी कोण आलंय राहायला?" कोणी ना कोणी आलेलं असायचंच. नणंद, सासू, नाहीतर परदेशातून दीर. मग बाई पालथ्या पडल्या पडल्या सगळं सांगून मोकळी व्हायची. तिला वाटायचं, काकूंना डागावरून कळलं. "तोंडाला आपण नीट बोलायला शिकवलंय," काकू मला समजावायच्या. "पाठ अजून अडाणी आहे बिचारी. तिला खोटं बोलता येत नाही."

पुढे दांडिया बाजारात त्या डागांना प्रतिष्ठा आली. हळदीकुंकवाला बायका पदर जरा सैल ठेवून बसू लागल्या. "माझं तर बाई आमसूल निघालं," असं कोणी म्हणालं की बाकीच्यांचे चेहरे उतरायचे. ज्यांचं अजून कोकम सरबतावरच होतं, त्यांना आपलं आयुष्य पोकळ वाटायला लागायचं.

नवरात्रात तर कहर झाला. समोरच्या पटेलांची हेली गरब्याच्या सरावानं कंबर धरून बसली होती. तिची आई तिला काकूंकडे घेऊन आली. काकूंनी मनापासून कप लावले. नवरात्र दोन दिवसांवर आलंय आणि गरब्याच्या चोळीला पाठ नसते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. हेली आरशात पाठ बघून किंचाळली, ती थेट आमच्या मजल्यापर्यंत ऐकू आली. आई भांडायला आली आणि भांडून गेली. हेलीनं दोन तास रडून घेतलं आणि मग त्या डागांभोवती चमकीचे ठिपके काढून ती मैदानावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या दारात पोरींची ही रांग!

"बेन, मला पण तसेच. पण एका ओळीत."

"मला बदामाच्या आकारात."

काकू संतापल्या आणि हिंदीत गेल्या. "यह दवा है, मेंदी नहीं!" पोरी खाली मान घालून उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्यांच्या आया काकूंच्या विद्यार्थिनी होत्या, हे काकूंना चेहऱ्यांवरून नाही, पण उभं राहण्यावरून कळलं असावं. त्या विरघळल्या. त्या वर्षी आमच्या भागातल्या पोरी पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल घेऊन नाचल्या. काकू घरात मात्र सांगत राहिल्या की पाकळ्यांची जागा शास्त्रानुसारच आहे.

पुरुषांसाठी नियम कडक होते. दार सताड उघडं, बायको सोबत, आणि बाकावर झोपायचं नाही, स्टुलावर बसायचं. ते नियम पाळून दर आठवड्याला येणारे एक गृहस्थ म्हणजे भाऊसाहेब शिर्के. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा भरघोस. पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, हे ते रिक्षावाल्यालाही सांगायचे. दवाखान्याचा त्यांना तिटकारा. "शिर्क्यांच्या घराण्यात दवाखान्याची पायरी कोणी चढलेलं नाही," ते अभिमानानं म्हणायचे. "सगळे घरातून थेट स्मशानात." त्यांच्या पत्नी माईसाहेब या वाक्याला जरा जोरात खोकायच्या. माईसाहेबांचा विरोध असा खोकल्यातूनच बाहेर पडायचा.

थंडीतली सकाळ होती. मी काकूंचं तेलाचं भांडं परत करायला खाली गेले होते, तर भाऊसाहेब स्टुलावर उघड्या पाठीनं बसलेले. पहाटेपासून खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये दुखतंय, डावा हात जड झालाय, आणि पित्तही खवळलंय म्हणाले.

"मानेतून आलंय," काकूंनी मागून बघितल्या बघितल्या सांगितलं. "आत्ता मोकळं करते."

तेल लावलं, कप लागले. मी शालीत कुडकुडत होते आणि भाऊसाहेबांच्या पाठीवरून घामाचे ओघळ कपांना वळसा घालून कमरेपर्यंत उतरत होते.

"बघा बघा, माईसाहेब," काकू खुशीत म्हणाल्या, "कसं सगळं विष बाहेर पडतंय!"

माईसाहेब खोकल्या. मग पहिल्यांदाच खोकल्यापुढे गेल्या. "काकू, तुम्ही जरा इकडे, पुढून येऊन बघता का?"

काकू स्टुलाला वळसा घालून पुढे आल्या. भाऊसाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. एका हातानं जबडा धरून ते "बरं वाटतंय, बरं वाटतंय" असं पुटपुटत होते. काकू त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण मला तो फार वाटला. मग त्यांनी दोन्ही हातांनी भराभरा कप उपटले. फट् फट् आवाज झाले. एक खाली पडून फुटला, तिकडे कोणी बघितलं नाही.

"रिक्षा," त्या मला म्हणाल्या. शिटी गळ्यात होती, पण आवाजच बारीक निघाला.

दवाखान्यात तरुण गुजराती डॉक्टर होता. त्यानं भाऊसाहेबांचा सदरा वर केला आणि पाठीवरचे ते गोल गोल वळ पाहून तो थिजलाच. "आ शुं छे? कोणे कर्युं?"

"में कर्युं," काकू म्हणाल्या.

मग तो जे बोलला, ते मी इथे लिहीत नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला घरात स्टुलावर बसवून ठेवणं म्हणजे काय, हे त्यानं सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं, हेही सांगितलं. काकू टाचा जुळवून, हात बाजूला सरळ सोडून उभ्या होत्या. तो आत गेला तरी तशाच उभ्या होत्या. मी त्यांना धरून बाकावर बसवलं. हाताला तेल तसंच होतं, पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मी घाम बघून खूश झाले गं," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "खूश झाले."

भाऊसाहेब वाचले. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, आत जाळी बसवली आणि काही दिवसांनी ते मिशांना पीळ भरत घरी आले. आल्या दिवसापासून त्यांनी घडलेली हकीकत सांगायला सुरुवात केली. ती अशी: झटका आला, पण काकूंच्या कपांनी सगळं रक्त पाठीकडे ओढून धरलं, म्हणून हृदयावरचा भार उतरला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मुख्य काम झालेलं होतं, डॉक्टरांनी नुसता शेवटचा हात फिरवला. पुरावा काय? पाठीवरचे डाग बघून डॉक्टर थक्क झाले होते. आणि ते थक्क झाले होते, हे तर मीही पाहिलं होतं.

बातमी नागरवाड्यापासून फतेगंजपर्यंत गेली. काकूंच्या दारात सकाळपासून माणसं. ज्यांची पाठ ठणठणीत होती तेही आले, पुढे कधी झटका आला तर आधीच काम झालेलं असावं म्हणून. काकू दारात उभ्या राहून सांगायच्या, "अहो, मी चुकले. मला कळलंच नाही. माझ्यामुळे उशीर झाला. डॉक्टरांनी वाचवलंय त्यांना."

लोक ऐकून घ्यायचे आणि एकमेकांकडे बघायचे. "मोठी माणसं अशीच बोलतात," कोणीतरी हळूच म्हणायचं. आणि रांग हलायची नाही. इतकी वर्षं काकूंनी तोंडाला येईल ते सांगितलं आणि ते लोकांनी डोळे मिटून मानलं. आता त्या खरं सांगत होत्या, तर एक माणूस ऐकायला तयार नव्हता.

आमच्या महाराष्ट्र मित्रमंडळाला सत्काराचं निमित्त लागतंच. त्यांनी काकूंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. काकू आधी नाही म्हणाल्या. मग एकाएकी हो म्हणाल्या. मला वाटलं, शेवटी मोह सुटला नाही. तसं नव्हतं. त्यांना सगळे लोक एका जागी बसलेले हवे होते.

अध्यक्षांनी बडोद्याच्या मर्दनपरंपरेवर बरंच भाषण केलं. अशी परंपरा असल्याचं आम्हांला तेव्हाच कळलं. मग काकू उठल्या. शाल त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली.

"मी मालिश बरं करते," त्या म्हणाल्या. "अंग दुखत असेल तर कपांनीही थोडा आराम पडतो. त्यापुढचं मी जे जे तुम्हांला सांगत आले, ते मनाचं सांगत आले. डागांवरून मला काही कळत नाही. आमसूल-बिमसूल काही नसतं. कप जास्त वेळ ठेवला की डाग काळा पडतो, एवढंच. आणि भाऊसाहेब माझ्यामुळे वाचले नाहीत. माझ्यामुळे मरत होते."

मग पहिल्या रांगेतून भाऊसाहेब उठले, डोळे पुसले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्यापाठोपाठ अख्खं सभागृह उठलं. अध्यक्ष माईकपाशी येऊन सद्गदित आवाजात म्हणाले, "एवढं मोठं काम आणि एवढा विनय! हा आपल्या बडोद्याचा संस्कार." आणि त्यांनी ती घडी केलेली शाल पुन्हा काकूंच्या खांद्यावर घातली.

परत येताना रिक्षात काकूंनी शाल काढून पुन्हा घडी केली. मग मला विचारलं, "मी मराठीतच बोलले ना गं?"

त्यांनी कप बंद केले. माळ्यावर टाकले. नुसतं मालिश ठेवलं, आणि दारावर पाटी लावली: 'छाती, जबडा किंवा डावा हात दुखत असेल तर इथे येऊ नये. आधी दवाखान्यात जावे.' पाटीचा अर्थ लोकांनी असा लावला की काकूंना आता दारातूनच कळतं.

खरी पंचाईत पुढेच होती. भाऊसाहेबांनी डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायचं सोडून दिलं. कपांनी मुळापासून काम केलंय, मग पुन्हा रोज गोळ्या कशाला, असा त्यांचा सवाल. माईसाहेब खोकून खोकून थकल्या आणि एक दिवस काकूंकडे येऊन रडल्या. काकू तशाच उठल्या. शिर्क्यांच्या घरी गेल्या आणि भाऊसाहेबांसमोर पाण्याचा पेला आणि गोळ्या धरून उभ्या राहिल्या.

"घ्या."

"तुमच्या हातून? अवश्य!" भाऊसाहेबांनी तीर्थ घ्यावं तशा भक्तिभावानं गोळ्या घेतल्या.

"या डॉक्टरांच्या गोळ्या आहेत," काकू म्हणाल्या.

"असतील. पण हात तुमचा आहे."

काकूंनी रिकामा पेला परत घेतला. खरं सांगून पाहिलं होतं, त्याचं काय झालं ते त्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या शिर्क्यांकडे जायच्या. ऊन असो, पाऊस असो. आपल्याला देवी मानणाऱ्या माणसाला आपण औषधापुरत्या वापरतोय, याची त्यांना लाज वाटायची. "त्यांचं ते खूळ मला नको आहे," त्या मला म्हणाल्या, "पण गोळी त्या खुळाबरोबरच आत जाते, तर काय करू?"

पुढे काही वर्षांनी काकूंचे गुडघे गेले. जिना उतरताना त्या कठड्याला धरून बाजूबाजूनं उतरू लागल्या. लोकांच्या गुडघ्यांना लावायचं तेल त्या स्वतः लावत नसत. "मला नाही त्यानं फरक पडत," असं एकदा त्या बोलून गेल्या आणि मग जीभ चावून हसल्या. मुलगा पुण्याहून न्यायला आला. सामान बांधताना काकूंना एकच घोर होता. माईसाहेबांना त्यांनी चार वेळा समजावलं की गोळ्या कशा द्यायच्या. "माझ्या हातून घेत नाहीत हो," माईसाहेब म्हणत राहिल्या.

निघायच्या दिवशी स्टेशनवर आमचा अर्धा दांडिया बाजार. हार, नारळ, पेढे. हेली लग्न होऊन सुरतेला गेली होती, तीही लेकीला घेऊन आली. भाऊसाहेब काकूंच्या पाया पडायला वाकले, तेव्हा काकूंनी त्यांना दोन्ही खांदे धरून थांबवलं आणि अगदी समोरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत म्हटलं, "भाऊसाहेब, गोळ्या." पण तेवढ्यात अध्यक्षांनी हार घातला, घोषणा झाली आणि मुलानं त्यांना डब्यात चढवलं.

एसी डबा. खिडकीची काच उघडत नाही. काकू काचेआड येऊन बसल्या आणि त्यांना गोळ्यांची पुन्हा आठवण झाली असावी. त्या आतून काहीतरी ओरडल्या. आम्हांला नुसते ओठ हलताना दिसले. मग त्यांनी खुणा सुरू केल्या. भाऊसाहेबांकडे बोट केलं, चिमूट तोंडाशी नेली, मान मागे टाकून पाणी प्यायची नक्कल केली. पुन्हा केली. पुन्हा केली.

"बघा," भाऊसाहेब आम्हांला म्हणाले, "जाताजाता घास भरवतायत."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. फलाटावरच्या लोकांना वाटलं, त्या नमस्कार करताहेत. सगळ्यांनी हात जोडून, वाकून नमस्कार केला. आम्ही सरळ झालो तेव्हा गाडी हलली होती. काचेआड काकूंचा हात अजून तोंडाकडे जात होता.

गर्दी पांगू लागली. माईसाहेब मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली, गोळ्यांची पट्टी काढली, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आज त्या खोकल्या नाहीत.

"काकूंनी काय खूण केली, कळली का? गोळी घ्या म्हणाल्या."

भाऊसाहेबांनी पट्टीकडे बघितलं, दूर जाणाऱ्या गाडीकडे बघितलं. "काकू म्हणाल्या?"

"मग? सगळ्यांदेखत म्हणाल्या."

भाऊसाहेबांनी गाडीच्या दिशेला तोंड केलं, टोपी सारखी केली आणि आ केला.